सिमेंटात मीठ

आमच्या घरात ताटावर बसल्यावर ‘मासा’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही, असा अव्वाचा, म्हणजे माझ्या आईचा, कायदा होता. लिंगायताचं घर, अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं. आणि त्याच घराच्या खालच्या दुकानात, अर्ध्या शटरमागं, मी बारा काचेच्या टाक्या मांडून मासे विकत होते. गप्पी, गोल्डफिश, ब्लॅक मोली, आणि परीक्षेत पास झालेल्या पोरांना बापानं घेऊन द्यायचे फायटर. गिऱ्हाईक पिशवी घेऊन बाहेर पडलं की अव्वा वरच्या गॅलरीतून विचारायची, “जिता गेला न्हवं गं?” जिता गेला म्हटलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. पाहुण्यांत ती “आमची नीला रंगीत मासे पाळती” असं सांगायची. विकते असं तिनं कधी सांगितलं नाही, कारण तिच्या माहेरी संकेश्वरात ही बातमी गेली असती तर चार मावश्या बस धरून आल्या असत्या.

घर राजारामपुरीतलं. वर आम्ही, खाली वडिलांचं, अप्पांचं दुकान आणि मागं यार्ड. अप्पा सिमेंटच्या जाळ्या, कुंड्या आणि टाक्यांची झाकणं करायचे. सकाळी सात वाजता यार्डात साचे ठोकायला सुरुवात व्हायची आणि त्याच वेळी वर अव्वा भाकरी थापायला बसायची. खाली धप धप, वर थप थप. मी त्या दोन आवाजांतच लहानाची मोठी झाले, आणि आजही कुठल्या शांत घरात पाहुणी म्हणून राहिले की मला सकाळी जाग येत नाही. जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही, वांग्याची रस्साभाजी. अप्पा जेवताना हाताच्या नखातलं सिमेंट बघत बसायचे आणि अव्वा त्यांना रोज तेच म्हणायची, “आदी हात धुवा, मग जगाचं बघा.” ओल्या सिमेंटचा वास आमच्या कपड्यांना, पुस्तकांना, अगदी देवघरातल्या विभूतीलाही यायचा. कॉलेजात मैत्रिणी म्हणायच्या, नीला आली की नवीन घराचा वास येतो. मला त्याचा राग यायचा, आणि आता तो वास आला की मी रस्त्यात थांबते.

थोरल्या अक्काला निपाणीला दिलेली. मी झूलॉजी घेऊन बी.एस्सी. झाले, नोकरी कुठं मिळेना. तेव्हा अप्पांनी अर्धं शटर मला दिलं, ते एका अटीवर. इचलकरंजीचा एक टाइल्सवाला त्यांच्या मागं लागला होता. राजारामपुरीत रस्त्याला लागून जागा, त्याला शोरूमसाठी सगळं तोंड हवं होतं. अप्पा म्हणाले, “पुढच्या दसऱ्यापातूर तुझं. तवर तुझ्या मास्यांनी काय करून दाखवलं तर बघू. न्हायतर मी त्या पावण्याला हो म्हणणार. शब्द दिलाय मी.” अप्पा शब्दाला पक्के होते, तेच तर दुखणं. मला दुसरं काही नको होतं. दागिने नकोत, पुण्या-मुंबईची नोकरी नको, लग्न आज की उद्या याचीही फिकीर नव्हती. ते अर्धं शटर तेवढं हवं होतं. सकाळी ते वर ढकललं की बारा टाक्यांतले मासे माझ्याकडं तोंड करून यायचे, आणि मला वाटायचं, हे जग माझं आहे आणि ते माझ्या हातून कुणी काढून घेऊ नये.

अशात डॉक्टर कांबळे आले. लहान मुलांचे डॉक्टर, शेजारच्या गल्लीत दवाखाना, आणि आता स्वतःची नवी इमारत बांधत होते. मुलीसाठी गप्पी घ्यायला आले आणि तासभर टाक्यांसमोर उभे राहिले. म्हणाले, “नीला, सुईला घाबरून पोरं माझ्या दारातच भोकाड पसरतात. नव्या दवाखान्यात बसायच्या खोलीत मला सहा फुटी टाकी हवी. पण हे मासे नकोत. समुद्राचे हवेत, निळे-पिवळे, नारिंगी पट्ट्यांचे. जमेल?” उद्घाटन पुढच्या दसऱ्याला होतं. कोल्हापुरात तेव्हा खाऱ्या पाण्याची टाकी कुणी बघितलेली नव्हती. मीही नव्हती बघितली, फक्त पुस्तकात वाचलेली. मी म्हणाले, “जमेल की!” आणि ते गेल्यावर कॉलेजची पुस्तकं काढून बसले.

खाऱ्या टाकीचं सगळं गुपित दगडात असतं. समुद्रातला सच्छिद्र दगड, ज्याच्या भोकाभोकांत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि ते माशांची घाण खाऊन पाणी निर्मळ ठेवतात. त्याला जिवंत दगड म्हणतात. तो नसेल तर मासे आठवड्यात उलटे होतात. मी हे अव्वाला समजावून सांगायला गेले तर ती म्हणाली, “दगडाला जीव? मग मठ्ठ पोराला धोंड्या का म्हणत्यात?” मी नाद सोडला.

दिवाळी झाली आणि मी एसटीनं फोंडा घाट उतरून किनाऱ्यावरच्या एका वाडीत गेले. कॉलेजच्या सहलीत ओळख झालेले बाबलकाका तिथं राहायचे, मासेमारी करणारे, काळेसावळे, बोलायला गोड. मी काय हवं ते सांगितलं. त्यांनी ओहोटीला होडी काढली, खडकाळ भागात कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि पहारीनं खडक फोडला. एकेक तुकडा वर आला आणि मी वेडीच झाले. जांभळा, गुलाबी, हिरवा, त्यावर हलणारी इवली फुलं, भोकातून डोकावणारा किडा. एवढं सुंदर काही मी हातात धरलं नव्हतं. पहारीचा आवाज येत होता, पाण्यात पांढरा चुरा उडत होता, आणि मला त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही. हे मी आज मुद्दाम लिहिते, कारण मला नंतर सगळे शहाणी म्हणायला लागले, आणि मी त्या दिवशी शहाणी नव्हते.

ओल्या गोणपाटात गुंडाळून तीन पोती एसटीच्या टपावर टाकली. कंडक्टर घाटभर नाक धरून होता. “ताई, काय मेलंय का पोत्यात?” मी म्हणाले, “मेलं न्हाय, तेच तर!” घरी आणून यार्डातल्या सिमेंटच्या हौदात, सोबत कॅनमधून आणलेल्या समुद्राच्या पाण्यात ते दगड सोडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माशांचा माल आणायला मिरजेला गेले. जाताना कुणाला काही सांगितलं नाही. ती माझी चूक.

तो कार्तिकातला सोमवार होता आणि घरी जंगमस्वामी जेवायला येणार होते. आमच्यात जंगम, म्हणजे गुरू, घरी आले की त्यांची पाद्यपूजा होते, घर मडीनं, म्हणजे सोवळ्यानं ठेवावं लागतं. अव्वानं पहाटे उठून सगळं घर सारवल्यासारखं धुतलं आणि तरी मागून समुद्राचा वास येतच राहिला. ती वासाचा माग काढत यार्डात गेली. हौदात चिखलाचे, शेवाळाचे, लिबलिबीत दगड. तिनं पदर खोचला. बंबात पाणी उकळलं, बादलीत काढून सोडा घातला, एकेक दगड त्यात बुडवला, काथ्यानं खसाखसा घासला आणि गच्चीवर ओळीनं वाळत घातला. मी मिरजेहून आले तर ती दारातच उभी, चेहऱ्यावर कौतुक. “बघ जा वर. कसे लख्ख केलेत तुझे दगड! पोरीची जात, आणि असले घाणेरडे आणलीस.”

मी गच्चीवर गेले. पांढरेशुभ्र, उन्हात वाळलेले, साठ-सत्तर दगड. मी मोठ्यानं ओरडले, “अव्वा, तू मारलंस!” ती घाबरून वर आली. “कुणाला गं? शिवा शिवा, कुणाला मारलं मी?” “दगडांना!” शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाया हसून हसून खाली बसल्या. मी रडत होते, अव्वा बावरून विभूतीची बोटं कपाळाला पुसत होती, आणि खाली स्वामींची रिक्षा येऊन थांबली. त्याहून वाईट म्हणजे, भोकांत अडकलेले उकडलेले जीव कुजायला लागले आणि स्वामी होळीगी, म्हणजे पुरणपोळी, खात असतानाच गच्चीवरून असा काही दरवळ आला की त्यांनी दुसऱ्या वाढीला ताटावर हात आडवा धरला. अव्वा त्या दिवसापासून दोन दिवस जेवली नाही. माझ्यासाठी की स्वामींसाठी, ते तिनं कधी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी अप्पा गच्चीवर आले. त्यांनी एक मेलेला दगड उचलला, हातात तोलला, भोकात बोट घातलं आणि तुच्छतेनं म्हणाले, “ह्येच का तुझं ते? ह्यो तर फसलेला माल हाय. भोकं भोकं. असला माल माझ्या यार्डातनं निघाला तर मी मिस्त्रीला हाकलून देतो.” मी त्यांच्यावर एवढी भडकले होते की ते काय बोलले ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही. दुसरे दगड आणायला हवेत एवढंच डोक्यात होतं. महिन्याभरानं पुन्हा वाडीत गेले.

बाबलकाका पुन्हा पहार घेऊन होडीत बसले. पाणी त्या दिवशी काचेसारखं स्वच्छ होतं. मागच्या वेळी आम्ही फोडलं ती जागा मला वरून दिसली. आजूबाजूला रंगीत खडक आणि मधे तेवढाच पांढरा, बोडका खड्डा. एकही मासा तिथं नव्हता. मी विचारलं, हे भरून यायला किती दिवस लागतील? बाबलकाकांनी थोडं पुढं वल्हवून दुसरी जागा दाखवली, तीही तशीच बोडकी. “ह्या बघ गो चेडवा. ह्या मुंबयकारांनी फोडून नेल्यानी, तीन वर्सां झाली. तेव्हापासून हय मासो रवणा नाय. आमचो मासो तो.” ते रागानं बोलले नाहीत. साध्या आवाजात बोलले, आणि तरी पहार उचलून मला म्हणाले, “खयचो व्हयो, सांग. तू सांगशीत तो फोडतंय.” मला लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा अशी लाज वाटली, की जी कुणी दुसऱ्यानं वाटायला लावलेली नव्हती. मी म्हणाले, “नको काका. परत चला.” बाबलकाकांनी पहार खाली ठेवली आणि होडी वळवली. (पुढं काही वर्षांनी असे प्रवाळाचे खडक फोडायला कायद्यानंच बंदी आली. बरं झालं. पण मी कायद्याच्या आधी थांबले होते, एवढा टेंभा मला मिरवू द्या.)

रिकाम्या हातानं एसटीत बसले. दसरा, टाइल्सवाला, डॉक्टर, सगळं डोळ्यांपुढं फिरायला लागलं. घाट चढता चढता मला एकदम अप्पांचं वाक्य आठवलं. फसलेला माल. भोकं भोकं. समुद्रातून दगड आणण्याऐवजी दगड करून समुद्रात सोडला तर? जीव काय, ते आपणहून येऊन बसतील. पुस्तकात कुठंतरी वाचलेलंही आठवलं, काही देशांत असे दगड माणसं शेतीसारखे पिकवतात. मी स्टँडवरून रिक्षा करून थेट यार्डात गेले आणि म्हणाले, “अप्पा, मला वाईट सिमेंट करून द्या.”

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मी समजावलं. सिमेंट, त्यात शिंपल्यांचा चुरा, आणि भोकं पडावीत म्हणून खडे मीठ. मीठ पाण्यात विरघळलं की मागं भोकं राहतात. मीठ म्हटल्याबरोबर अप्पा ताडकन उठले. “मीठ? सिमिटात? अगं, घर खातंय ते! लोखंड खातंय, भित खातंय. तीस वर्सं मी वाळू चाखून बघतोय खारी हाय का म्हणून, आणि माझी पोरगी मीठ घाल म्हणती?” मिस्त्री कामं थांबवून ऐकत उभे. “माझ्या यार्डात मीठ येणार न्हाय. गावात कळलं तर लोक उद्या माझ्या झाकणावर पाय ठेवायचं न्हाईत.”

मग मी गच्चीवर स्वतःच घमेल्यात कालवलं. अव्वानं मला घरातलं खडं मीठ आणून दिलं, न विचारता, पाच किलोची पिशवी. झालेल्या गोष्टीची तिनं केलेली तेवढीच भरपाई. माझा पहिला घाणा वाळल्यावर हातात घेताच चुरा झाला. दुसरा वाळला तो इतका घट्ट की भोकच नाही. तिसरा पुन्हा चुरा. चौथ्या दिवशी अप्पा सकाळी दात घासत गच्चीवर आले, माझ्या ढिगाऱ्याकडं बघितलं आणि त्यांना ते सहन होईना. त्यांनी चूळ भरली, धोतर वर खोचलं आणि माझ्या हातातली थापी ओढून घेतली. “व्हय बाजूला. वाईट माल करायचा तर त्योबी नीट करायला लागतो. पाणी किती घातलाईस हे? आंघोळ घालायलीस का त्याला?”

त्या दिवसापासून आठवडाभर अप्पांनी दुसरं काम केलं नाही. मिठाचा खडा केवढा, कधी टाकायचा, चुरा किती ओला हवा, हे ते मिस्त्रींना खालच्या आवाजात सांगायचे, गिऱ्हाईक आलं की घमेल्यावर गोणपाट टाकायचे. ओल्या वाळूत खड्डे करून त्यात माल ओतला, त्यामुळं एकही दगड दुसऱ्यासारखा नव्हता. मग पाणी. सिमेंटमधला चुना सगळा निघून जायला हवा, नाहीतर जीव जगत नाहीत. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून लिटमसचे कागद मागून आणले. अप्पा हौदातलं पाणी बोटानं जिभेला लावायचे आणि थुंकायचे. “अजून हाय.” आठ दिवसांनी पुन्हा पाणी बदलून, “अजून हाय.” एकदा कागद म्हणाला झालं, आणि अप्पा म्हणाले न्हाय झालं. मी वाद घातला, आणि दुसऱ्या दिवशी कागद पुन्हा निळा. त्यांनी मला ते वर्षभर ऐकवलं. सहा आठवड्यांनी एका सकाळी त्यांनी जीभ फिरवली, पुन्हा एकदा बोट बुडवून चाखलं आणि म्हणाले, “आता गोड हाय. ने.”

संक्रांतीनंतर आम्ही दोघं कुंड्यांच्या टेम्पोतून दगड घेऊन वाडीत गेलो. अप्पांनी त्या दिवशी पहिल्यांदा समुद्र बघितला. वयाची पंचावन्न वर्षं कोल्हापुरात घालवलेला माणूस, किनाऱ्यावर उभा राहून म्हणाला, “एवढं पाणी, आणि सगळं खारं. माझ्या धंद्याला काय उपयोगाचं न्हाय.” बाबलकाकांनी दगड जाळीच्या पिंजऱ्यांत भरले आणि त्या बोडक्या जागेपासून थोड्या अंतरावर सोडले. तीन पिंजरे मी त्याच खड्ड्यात सोडायला लावले, आणि ते परत काढायचे नाहीत असं सांगितलं.

मेअखेरीस, पाऊस तोंडावर आला असताना, दगड काढायला गेलो. मी रात्रभर झोपले नव्हते. समजा करडेच निघाले तर? बाबलकाकांनी पहिला पिंजरा ओढला. अप्पा टोपी सांभाळत गुडघाभर पाण्यात उतरलेले. दगडांवर गुलाबी आणि जांभळ्या रंगाचे रुपयाएवढे डाग धरलेले, भोकाभोकांतून इवले किडे तोंडं काढून बघत होते, एकावर चिमुकलं फूल हलत होतं. अप्पांनी हात लावला, झटकन मागं घेतला, पुन्हा लावला. “आयला!” ते ओरडले, एवढ्या मोठ्यानं की किनाऱ्यावरची कुत्री भुंकायला लागली. “जीव धरलाय की गं! माझ्या मालानं जीव धरलाय!” मी पाण्यात उभी राहून टाळ्या वाजवल्या. बाबलकाका आम्हा दोघांकडं बघून हसत होते.

जून ते सप्टेंबर ते दगड यार्डातल्या हौदात राहिले, पंप लावून, टेम्पोनं आणलेल्या समुद्राच्या पाण्यात. अव्वानं हौदाभोवती दोरी बांधली आणि शेजारच्या बायांना सांगितलं, “लांबून बघा, हात लावू नगासा. जिते हायेत ते.”

आणि श्रावणात डॉक्टरांकडं मुंबईहून एक खोकं आलं. तिथल्या एका माशांच्या व्यापाऱ्याला सहा फुटी टाकीचा सुगावा लागला होता. त्यानं नमुना म्हणून खऱ्या समुद्रातले दोन मोठे दगड पाठवले होते, फुकट. डॉक्टर ते खोकं घेऊन स्वतः दुकानात आले. झाकण उघडलं आणि मी मनातल्या मनात हरले. रंग असे की माझे दगड त्यांच्यापुढं धुवून वाळत घातलेले वाटावेत. डॉक्टर जरा संकोचून म्हणाले, “नीला, तुझी मेहनत मला दिसते. पण हे बघ. हे दोन मधोमध ठेवू, तुझे बाजूनं. आवडले तर बाकीचेही त्यांच्याकडून घेऊ.”

मला माहीत होतं, बाकीचेही म्हणजे माझे दगड गेले, टाकी गेली आणि शटर गेलं. हो म्हटलं असतं तर निदान टाकी उभी राहिली असती. पण मला तो खड्डा आठवला, आणि दुसरं म्हणजे मी प्राणिशास्त्र शिकले होते. माझा आवाज चढला. “डॉक्टर, हे दगड कुठून फोडले, त्यात कोण बसलंय, तुम्हाला ठाऊक हाय? मला न्हाय. तुम्ही नवीन पेशंटला तपासल्याशिवाय वॉर्डात घेता का? महिनाभर हे माझ्याकडं वेगळ्या टबात राहतील. आणि त्याआधी आत गेले तर टाकी तुम्ही सांभाळा, मी हात लावणार न्हाय.” डॉक्टरांचा चेहरा पडला. ते म्हणाले, “बरं. महिनाभर.” आणि गेले. मागं उभे असलेले अप्पा म्हणाले, “गिऱ्हाइकाशी असं बोलत्यात व्हय?” पण टब त्यांनीच उचलून यार्डाच्या कोपऱ्यात नेला.

आत कुणी शिकारी लपलाय का ते कळावं म्हणून मी टबात शंखात राहणारे तीन खेकडे सोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी अव्वा स्वयंपाकघरातून खाली आली, हाताला पीठ तसंच. “नीले, तुझ्या त्या दगडात कोणतरी सुतारकाम करतंय. टक टक चाललंय. मी भाकरी थांबवून ऐकलं.” मी टबाकडं धावले. टक. टक्क. शंखांचे तुकडे तळाशी पडलेले, खेकडे गायब. मी बॅटरी मारून बघितलं तर भोकात दोन डोळे, दांडीवर बसवल्यासारखे, वेगवेगळ्या दिशांना फिरणारे. झिंग्याच्या जातीचा, वीतभर लांब, पुढच्या पायांनी हातोडीसारखा ठोसा मारणारा. मासा समोर आला की एका फटक्यात संपवणारा. पुस्तकात त्याचं चित्र बघितलं होतं, आता तो माझ्याकडं बघत होता.

डॉक्टरांना बोलावलं. ते दवाखान्यातून तसेच आले. त्यांनी खिशातलं पेन त्या भोकासमोर धरलं. टक्क! पेनाचं टोपण उडून हौदापाशी पडलं. डॉक्टरांनी हात मागं घेतला आणि बोटं मोजून बघितली. मग ते टबाशेजारी उकिडवे बसले. “पोरं काचेला नाक लावून बसणार, आणि हा रोज एक मासा मारणार त्यांच्यासमोर,” ते म्हणाले. “नीला, माझी चूक झाली. तुझे दगड. सगळे तुझे. तू म्हणशील तसं.” अव्वा मागून म्हणाली, “डॉक्टर, भाकरी खाऊन जावा.” ते खाऊनच गेले, शेंगदाण्याच्या चटणीशी दोन.

असा ठोसेबाज माझ्याही दगडात येऊ शकला असता, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण माझा एकेक दगड मी चार महिने डोळ्यांखाली घातला होता, आणि कुठल्या पाण्यात तो वाढला ते मला ठाऊक होतं. आता दुकानात येणारी तरुण पोरं विचारतात, काकू, खरा चांगला की पिकवलेला? मी त्यांना एवढीच हकीकत सांगते.

दसऱ्याला दवाखान्याचं उद्घाटन झालं. सहा फुटी टाकी, निळा प्रकाश, अप्पांचे दगड रचून केलेली कमान आणि तिच्यातून ये-जा करणारे नारिंगी पट्ट्यांचे मासे. पाणी आरशासारखं. चार वर्षांची एक मुलगी लस घ्यायला आली होती, ती काचेला चिकटली आणि सुई कधी टोचली ते तिला कळलंच नाही. डॉक्टर माझ्याकडं बघून नुसते हात जोडत होते. अप्पा नवं धोतर नेसून आले होते आणि त्यांना कुणी ओळखत नव्हतं. ते खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला गाठून सांगत होते, “पावणं, मासे सोडा, दगड बघा. दगड माझे हायेत. मीठ घालून केलेत! व्हय, मीठ!” लोकांना काही कळत नव्हतं. मला कळत होतं, आणि मला इतका आनंद झाला होता की मी जिन्याखाली जाऊन एकटीच हसून घेतलं.

संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन टाइल्सवाला आला. मुदत आजची होती. त्यानं अप्पांना सोनं दिलं, पाया पडला आणि खिशातून मोजायची टेप काढली. अप्पांनी शब्द दिला होता, आणि शटरबद्दल त्यांनी घरी अजून काही बोलून दाखवलं नव्हतं. त्यांनी टेपचं एक टोक स्वतःच्या हातात घेतलं आणि शटरच्या कडेला धरलं. “बरं झालं टेप आणलाईस. मोज.” टाइल्सवाला दुसरं टोक घेऊन सगळं तोंड ओलांडून पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला. “पुरं तोंड न्हवं का, अप्पा?” त्यानं विचारलं. “पुरंच,” अप्पा म्हणाले. “जाळ्या-कुंड्या उद्यापासनं मागं यार्डात जाणार. हितनं तितंवर सगळं माझ्या लेकीचं दुकान. समोरच्या भितीला एक सहा फुटी टाकी बसवायची हाय, गिऱ्हाइकाला दाखवायला. बसती का बघ.”

टाइल्सवाल्यानं अप्पांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि वाकून भिंत मोजली. बसत होती.